पाळ्या

आमच्या गल्लीत पाळी म्हणजे पाणी.
पाचव्या दिवशी, कधी पहाटे तीनला,
नळ आधी खाकरतो, मग थुंकतो, मग येतो.
कारखान्यात पाळी म्हणजे आठ तास.
आणि तिसरी,
जिच्यासाठी बिचाऱ्या कावळ्याला उगाच मध्ये आणतात.

ती यायच्या आठ दिवस आधी
माझ्या छातीत कुणीतरी ओल्या चादरी भरतं.
न पिळलेल्या.
मागाजवळून जाताना धोट्याचा ठोका
कानात नाही, आत पोचतो.
टॉवेलांचा गठ्ठा मी लांब धरते,
परक्याचं मूल धरावं तसा.
सुपरवायझर विचारतो, कंबर धरली काय ओ?
हो म्हणते.
कंबर सांगता येते.

यादम्मानं गाठ लपवली दीड वर्ष
चोळीत, विडीच्या पैशांसारखी.
ती गेल्यापासून मी रात्री स्वतःला चाचपायची.
अंधारात सगळंच गाठ लागायचं.

शेवटी दाजी पेठेत हत्तुरे मॅडमकडे गेले.
दोन्हीकडे दुखतं?
दोन्हीकडे, पार काखेपर्यंत.
आल्यावर थांबतं?
दुसऱ्या दिवशी.
त्यांनी तपासलं, हात धुतले,
रक्तातली कसलीशी रसायनं वर-खाली होतात म्हणाल्या.
मला कळलं ते असं:
दर महिन्याला आत कुणीतरी ऑर्डर घेतं,
ताणा लावतं, सूत फुगतं,
आणि ऑर्डर रद्द होते.
दुखतं ते फुगलेलं सूत.

तारखा लिहा, म्हणाल्या. तीन महिने.
हात फिरवायचा तो पाळी सरल्यावर, उजेडात.
एकाच ठिकाणी दुखत राहिलं,
गाठ राहिली, बोंडातून काही आलं,
तर मात्र तारखेची वाट बघू नका.
लगेच या.

किराणा दुकानाचं कॅलेंडर आहे भिंतीला.
पाण्याला निळा गोल.
मला हिरवी फुली. लाल सगळ्यांना कळतं.
नवरा म्हणाला, हिरवं काय?
गॅस, म्हटलं.

मीठ कमी केलं त्या दिवसांत.
सोलापुरात हे सोपं नाही,
शेंगाचटणीशिवाय कडक भाकरी म्हणजे नुसता आवाज.
चहा चारावरून दोनवर.
एकोणिसाव्या वर्षीचं माप अडतिसाव्यापर्यंत ओढत होते;
दुकानदारासमोर आकडा तोंडातून निघेना,
त्याची बायको आली, तिनं टेप काढला,
म्हणाली, ताई, तुम्ही इतकी वर्षं श्वास कुठून घेत होता?

आणि रात्री एक सेकंडचा टॉवेल,
काठाला धागा सुटलेला,
कुठल्याशा लांबच्या हॉटेलनं नाकारलेला,
गरम पाण्यात बुडवून, पिळून, छातीवर.
किती हजार घड्या घातल्या या हातांनी.
हा एक उलगडला.
दुखणं जात नाही सगळं.
पण आता मला त्याचं येणं-जाणं माहीत आहे,
भाडेकरूसारखं.

हरिणी अकराची.
शाळेतून येऊन धाडकन अंगावर पडायची,
मी कोपरानं ढकलायची.
अम्मा चिडते, असं तिनं मावशीला सांगितलेलं.
परवा दारातच थांबली. कॅलेंडर बघितलं.
आज हिरवी फुली ना?
मागून येऊन कमरेला हात घातले तिनं, हलके,
कच्च्या सुताला लावतात तसे.

मग माझ्या पाठीत तोंड खुपसून,
अम्मा, मला पण दुखतंय.
एकाच बाजूला. बोराएवढं आहे काहीतरी.

यादम्मा उभी राहिली डोळ्यांसमोर.
एक क्षण. पुरता एक.
मग आठवलं मी अकराची असताना,
एक बाजू आधी उगवली, दुसरी मागून,
आणि मी कुणालाच विचारलं नव्हतं.

मॅडमना दाखवू म्हटलं, पण घाबरू नको,
हे बहुतेक तुझं वाढणं आहे.

नळ खाकरला तेवढ्यात.
ती घागरीकडे वळली.
राहू दे, म्हटलं.
आधी सांग,
कधीपासून?